एकशे त्रेचाळीस सह्यांचं परिशिष्ट

सुनीलराव गायधनींनी ते निवेदन लिहायला घेतलं त्या दिवशी घरात पेढे होते. ही गोष्ट पुढे त्यांच्या अंगाशी आली, म्हणून ती आधीच सांगून टाकलेली बरी. पेढे अर्धा किलो होते आणि पेन्शनरांचा महागाई भत्ता वाढला म्हणून स्वतः सुनीलरावांनीच पंचवटी कारंजावरून आणले होते. भत्त्याची बातमी पेपरात पहिल्या पानावर होती. पाचव्या पानावर आणखी एक बातमी होती: नगरसेवकांचं मानधन दुप्पट करण्याचा प्रस्ताव येत्या महासभेत येणार. सुनीलरावांनी पहिलं पान वाचत एक पेढा संपवला. पाचवं पान वाचताना दुसरा पेढा हातातच राहिला.

“ऐकलंस का,” ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “कारखान्यांत पाळ्या कमी झाल्या, गारपिटीनं द्राक्षं झोपवली, कांद्याला कुत्रं विचारत नाही, आपल्या गल्लीचा रस्ता सिंहस्थाच्या नावानं चार महिने उकरून ठेवलाय, आणि या लोकांना दुप्पट मानधन हवंय.”

“पेढा खाऊन टाका आधी,” आतून स्नेहलताई म्हणाल्या. “मुंग्या येतील.”

दुसरा एखादा गृहस्थ एवढ्यावर थांबला असता. फार तर रक्तदाबाची गोळी घेऊन आडवा झाला असता. पण सुनीलरावांनी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली होती आणि कार्यालय अधीक्षक म्हणून ते निवृत्त झाले होते. या चौतीस वर्षांत त्यांनी एकाही कालव्यात पाय बुडवला नव्हता, हे खरं. पण मसुदा लिहावा तर गायधनींनी, असा त्यांचा लौकिक होता. त्यांच्या पत्राला वरिष्ठही लवकर उत्तर देत नसत, कारण पत्रात नेमकं काय म्हटलंय ते कळायला आठवडा जाई. निवृत्तीनंतर हा हात रिकामा पडला होता. वाण्याच्या यादीलासुद्धा ते ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ घालत.

मसुद्याला तीन दिवस लागले. पानं चार झाली. त्यात चौथ्या पानावर एक वाक्य उतरलं, ते सुनीलरावांना इतकं आवडलं की त्यांनी ते स्नेहलताईंना तीनदा वाचून दाखवलं. ‘सबब, सद्यःस्थितीतील आर्थिक ओढाताण विचारात घेता, सार्वजनिक निधीतून मानधन अथवा भत्ता घेणाऱ्या कोणाही व्यक्तीच्या मानधनात वा भत्त्यात कोणत्याही स्वरूपाची वाढ करण्यात येऊ नये.’

“कोणाही म्हणजे?” स्नेहलताईंनी विचारलं.

“कोणाही म्हणजे कोणाही. सरसकट लिहिलं की वाक्याला वजन येतं.”

स्नेहलताई दूध उतरवायला आत गेल्या. संसार टिकतो तो अशाच जागांवर.

आता सह्या. दिंडोरी रोडवरच्या त्यांच्या गोदासंगम सोसायटीत अठ्ठेचाळीस फ्लॅट, खाली सात दुकानं आणि मागे दोन गल्ल्या. सुनीलराव कागद घेऊन निघाले. पहिली बेल बारकूशेठची वाजवली. बारकूशेठ मार्केट यार्डात कांदा-टोमॅटोचे अडते. वागायला दिलदार, पण सल्ला दिल्याशिवाय ते पाण्याचा ग्लाससुद्धा हातात देत नसत.

“सही करतो की अण्णा,” ते म्हणाले. “फक्त यात कांद्याचं टाका.”

“एक निवेदन, एक विषय,” सुनीलराव म्हणाले.

“मग दुसरं निवेदन कांद्याचं लिहून द्या. तसं कबूल करत असाल तर करतो सही.”

सुनीलरावांनी कबूल केलं. तळमजल्यावर भटक्या कुत्र्यांचं निवेदन कबूल करावं लागलं. दुसऱ्या मजल्यावर पाण्याच्या वेळेचं. समोरच्या इमारतीतल्या निवृत्त प्राचार्यांना निवेदनाची सुरुवात एका संस्कृत श्लोकानं हवी होती. त्यांना वेगळं, श्लोकासकट निवेदन कबूल झालं. शनिवारपर्यंत सुनीलरावांच्या डोक्यावर सहा निवेदनांचं ओझं झालं होतं आणि हातात एकशे त्रेचाळीस सह्या होत्या. स्वतः सुनीलराव सोडले तर त्यांपैकी एकानंही चार पानं उलटून पाहिली नव्हती. सुनीलरावांनी हा आपल्यावरचा विश्वास मानला.

सह्या मात्र निवेदनाखाली घेतल्या नव्हत्या. तसं कोणी सुचवलं की सुनीलरावांच्या कपाळावर आठी पडे. मजकुराखाली गर्दी करून सह्या करणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत ताट घेऊन उभ्यानं जेवणं, असं त्यांचं मत. सह्या परिशिष्टात. वेगळी पानं, रेघा आखलेली, प्रत्येक पानावर सोळा ओळी, वर मधोमध ‘परिशिष्ट अ’, बाकी काही नाही. ही पानं त्यांनी दिंडोरी नाक्यावरच्या अबरारच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात करून घेतली होती. अबरार पस्तिशीचा, हुशार, शिकायची हौस असलेला. त्याला सुनीलरावांनी खुर्चीत बसून अर्धा तास परिशिष्टाचं शास्त्र शिकवलं होतं.

“काका, एक नंबर,” अबरार म्हणाला होता. “आता हे सगळ्या गिऱ्हाइकांना असंच करून देतो.”

सुनीलराव तेव्हा सुखावले होते. विद्या अशीच पसरते.

एकशे बेचाळिसावी सही सगुणाबाईंची होती. सगुणाबाई गांगुर्डे मूळच्या पेठ तालुक्याकडच्या, आता राहायला फुलेनगरात. सकाळी गायधन्यांकडे पोळ्या करायच्या आणि तिथून अंगणवाडीत जायच्या. तिथं त्या एकोणीस वर्षं मदतनीस होत्या. पोरं गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, आणि महिन्याला हातात पडे त्यात घराचं वीजबिल भागलं तर बाकी देवाची कृपा. म्हणूनच तर सकाळच्या पोळ्या. त्या दिवशी त्यांनी पिठाचा हात धुऊन, पदराला पुसून कागद घेतला.

“काय लिवलंय भाऊ? वाचून दाखवता का?”

“वाचायचं काय त्यात, मी लिहिलंय ना,” सुनीलराव म्हणाले. त्यांना गर्दी व्हायच्या आत अबरारच्या दुकानात पोचायचं होतं. “नगरसेवकांचं मानधन वाढू नये म्हणून आहे.”

“मग बरोबर हाय. तुमी म्हणता तर करते.”

सगुणाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी सही केली म्हणजे अख्खं नाव लिहिलं, सावकाश, प्रत्येक अक्षरावर रेघ देत. सुनीलराव घड्याळ बघत उभे राहिले.

सोमवारी अबरारनं गठ्ठा बांधून दिला. चार पानं निवेदन, नऊ पानं परिशिष्ट, वर प्लॅस्टिकचं कव्हर. सुनीलरावांनी निवेदन पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासलं, ते एक वाक्य पुन्हा दोनदा वाचलं, आणि परिशिष्टाची पानं कोपऱ्यातून बोटानं मोजली. नऊ. मग ते महापालिकेच्या कार्यालयात गेले, आवक खिडकीवर गठ्ठा दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली आणि घरी येऊन दोन वर्षांत लागली नव्हती अशी झोप काढली.

गुरुवारी पेपर आला.

‘पंचवटीतील १४३ नागरिकांचा मानधनवाढीला पाठिंबा’ असा मथळा होता. खाली लिहिलं होतं की पाठिंब्याच्या पत्रावर पहिली सही निवृत्त कार्यालय अधीक्षक सुनील गायधनी यांची आहे, आणि त्याखाली बारीक टायपात सह्या करणाऱ्या सगळ्यांची नावं छापली होती. त्याच्या शेजारी चौकटीत दुसरी बातमी होती: ‘नगरसेविकेच्या घरातूनच वाढीला विरोध, सासूबाईंचीही सही.’

सुनीलरावांनी बातमी चष्म्यातून वाचली, चष्मा काढून वाचली, मग चष्मा पुसून वाचली. तिन्ही वेळा तेच होतं.

झालं होतं असं. त्यांच्या वॉर्डाच्या नगरसेविका तृप्तीताई. त्यांचा धाकटा दीर राजू याला वाटलं, लोक विरोध करतायत तर आपण पाठिंब्याचं पत्र देऊ. तोही अबरारकडेच गेला. अबरारनं नव्या शास्त्राप्रमाणे त्यालाही सह्यांची नऊ पानं वेगळी आखून दिली, वर मधोमध ‘परिशिष्ट अ’. राजूला सह्या मिळाल्या अकरा, त्याही सगळ्या घरातल्या. बाकीची कोरी पानं त्यानं गठ्ठा जाड दिसावा म्हणून तशीच ठेवली. दोन्ही गठ्ठे एकाच सकाळी बांधले गेले. मजकूर आपापल्या जागी राहिला आणि परिशिष्टं एकमेकांच्या घरी नांदायला गेली.

“काका, माझी गलती आहे,” अबरार डोकं खाली घालून म्हणाला. “पण दोन्हीवर एकच लिहिलेलं. पहिले लोक सह्या खालीच करायचे, तेव्हा असं कधी नाही झालं.”

सुनीलराव दुकानाची पायरी उतरले.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. सकाळी गोदाकाठी फिरायला जाणारी मंडळी त्यांना पाहून एकदम गप्प व्हायची. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही, नुसते अंगठे पडत राहिले, आणि अंगठा पाठिंब्याचा की टोमण्याचा हे कळायला मार्ग नव्हता. नांदगावहून एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. “शेवटी तुम्हीसुद्धा, गायधनी,” एवढंच म्हणून त्यानं ठेवला. बारकूशेठनी जिन्यात गाठून हळूच विचारलं, “अण्णा, किती सुटले? आमच्या सह्या फुकट गेल्या नाहीत ना?”

ज्यानं चौतीस वर्षांत ठेकेदाराच्या डायरीलासुद्धा हात लावला नाही, दिवाळीचा काजूचा डबा परत पाठवताना पावती मागितली, त्याला हे विचारलं गेलं.

शुक्रवारी संध्याकाळी तर दुसऱ्या वॉर्डाचे दोन नगरसेवक शाल-श्रीफळ घेऊन दारात हजर झाले. जनतेतून पाठिंबा देणारा पहिला माणूस म्हणून सत्कार करायचा होता. सुनीलराव न्हाणीघरात जाऊन बसले आणि नळ सोडून ठेवला. पाऊण तास ते दोघं बसून होते. शेवटी शाल स्नेहलताईंनी ठेवून घेतली.

“घेतलीस कशाला?” सुनीलराव बाहेर येत म्हणाले.

“चांगली होती,” स्नेहलताई म्हणाल्या. “आणि टाकीतलं पाणी संपत आलं होतं.”

पण या सगळ्यापेक्षा शनिवारची सकाळ वाईट होती. सगुणाबाई आल्या आणि पोळ्या लाटायला बसल्या. लाटण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. सात-आठ पोळ्या झाल्यावर त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत आल्या.

“भाऊ, माझी सही कुठं गेली?”

सुनीलराव सांगू लागले. परिशिष्ट, गठ्ठा, अबरार, राजू. सगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“ते समदं खरं आसंल. पण मंगळवारी आमच्या बायांचा मोर्चा हाय, मानधन वाढावं म्हणून. एकोणीस वरसं मी पुढं चालते, फलक धरून. काल बायांनी फलक काढून घेतला. म्हनल्या, सगुणे, तू नगरसेवकांच्या पगाराला सही देती, मग आमच्यात कशाला येती? मी म्हनलं, मी नाय दिली. तर पेपर दाखवला. मला माझी सही आणून द्या भाऊ. मंगळवारच्या आत.”

“आणतो,” सुनीलराव म्हणाले.

चप्पल घालून ते थेट कार्यालयात गेले. महासभा जवळ आल्यानं शनिवार असूनही आवक खिडकी उघडी होती आणि खिडकीतल्या बाई समजूतदार होत्या. त्यांनी कपाटातून दोन्ही गठ्ठे काढून टेबलावर ठेवले. सुनीलरावांनी दुरून आपलं परिशिष्ट ओळखलं. परक्या मजकुराखाली ते अगदी नीट बसलं होतं.

“फक्त ही नऊ पानं तिकडची इकडे करायची,” ते म्हणाले. “दोन मिनिटांचं काम.”

“पृष्ठांकन झालंय ना काका,” बाई म्हणाल्या. “नंबर पडले की पान सुटत नाही. शुद्धिपत्रक द्यावं लागेल. दोन्ही अर्जदारांची संमती, आणि परिशिष्टातल्या सगळ्यांच्या नव्यानं सह्या.”

नियम बरोबर होता. पंचवीस वर्षांपूर्वी घोटीकडच्या एका भातवाल्या शेतकऱ्याला हेच वाक्य त्यांनी स्वतः सांगितलं होतं, याच सुरात, आणि तो माणूस तीनदा परत आला होता. त्याचं नाव आठवेना, पण त्याच्या पायातल्या चिखलानं फरशी खराब झाल्याचं आठवलं.

राजूची संमती म्हणजे तृप्तीताईंची संमती. सुनीलराव त्यांच्या घरी पोचले तेव्हा ओट्यावर दहा-बारा माणसं बसली होती. कोणाचं गटार, कोणाचा दाखला, एका म्हातारीला दवाखान्यात सोडायला गाडी हवी होती. तृप्तीताई अडतीस-चाळिशीच्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या. त्यांनी म्हातारीला स्वतःच्या पैशानं रिक्षा करून दिली आणि सुनीलरावांना आत नेलं. आत त्यांच्या सासूबाई बयाबाई बसल्या होत्या, मांडीवर गुरुवारचा पेपर घेऊन.

सुनीलरावांना वाटलं होतं, ही बाई खुशीत असेल. दोन दिवस गावभर तिचं कौतुक चाललं होतं. घरातूनच विरोध, केवढी तत्त्वनिष्ठा. एका मंडळानं तर तिला ‘त्यागमूर्ती’ लिहिलेली फ्रेम दिली होती. फ्रेम भिंतीला टेकवून उलटी ठेवलेली होती.

“काका, खरं सांगू?” तृप्तीताई चहा पुढे करत म्हणाल्या. “मला ते मानधन हवं होतं हो. निवडून आल्यावर शिवणक्लास बंद केला, वेळच मिळेना. रोज एक लग्न, एक दहावं. लग्नाला आहेर, दहाव्याला टोपी-टॉवेल. रिकाम्या हातानं गेलं की लोक म्हणतात, निवडून आली, आता ओळखत नाही. जो खातो त्याला मानधन वाढलं काय, न वाढलं काय. न खाणाऱ्याची पंचाईत होते. आणि आता त्यागमूर्ती झाले, म्हणजे तोंड उघडायचीही सोय नाही.”

सुनीलरावांनी आपली चारही पानं मनातल्या मनात उलटून पाहिली; हा मुद्दा त्यांत आलाच नव्हता. त्यांनी चहा प्यायला. चहा चांगला होता, त्यामुळे अवघडलेपण जास्तच वाढलं.

“मग संमती...” ते म्हणाले.

“देते ना. चूक ती चूक. उद्या लोक लोभी म्हणतील, म्हणू देत. हवंय ते हवंय म्हणायला लाजायचं कशाला?”

“मी म्हणते राहू द्या आहे तसं,” बयाबाई मध्येच म्हणाल्या. “सत्तर वरसांत पहिल्यांदा नाव छापलंय माझं.”

बयाबाईंची समजूत घालायला आणखी दोन कप चहा लागला. त्यांना नव्या कागदावर पुन्हा सही करायला मिळेल आणि कदाचित पुन्हा नाव छापून येईल, या बोलीवर त्या तयार झाल्या.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेबल मांडलं. त्यावर शुद्धिपत्रक, सोबत मूळ निवेदनाची चार पानं, कारण सुनीलरावांच्या मते संदर्भाशिवाय शुद्धिपत्रक म्हणजे पोरकं पोर. स्नेहलताईंनी थर्मासात चहा आणला. सोसायटीची मंडळी आली ती कुरकुरतच. बारकूशेठना कांद्याचं निवेदन कुठवर आलं ते हवं होतं, प्राचार्य श्लोक पाठ करून आले होते. पण सुनीलरावांचा चेहरा बघून सगळे जरा वरमले. माणूस चार दिवसांत उतरला होता. त्यांनी एकेक करून सह्या करायला सुरुवात केली, नेहमीसारख्या, इकडेतिकडे बघत. तृप्तीताई आणि बयाबाईही राजूला घेऊन आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या.

तिसाव्या सहीला सगुणाबाईंचा नंबर आला. सुनीलरावांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं.

“या बारीला मी वाचते,” सगुणाबाई म्हणाल्या.

“हो, हो. वाचा की,” सुनीलराव म्हणाले, आणि त्यांना खुर्ची ओढून दिली.

सगुणाबाई वाचू लागल्या. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. पहिलं पान झालं. मागे रांगेत बारकूशेठनी घसा साफ केला. दुसरं पान झालं. कोणीतरी म्हणालं, मावशी, सही करा ना, आम्ही सगळ्यांनी केली. सगुणाबाईंनी मान वर केली नाही. अंगणवाडीत पोरं कितीही रडली तरी खिचडी शिजायची तेव्हाच शिजते, हे त्यांना एकोणीस वर्षं माहीत होतं. तिसरं पान झालं. चौथ्या पानावर बोट एका जागी थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “हे कोणाही म्हंजी... मी पण का?”

सुनीलराव वाकले. ते वाक्य होतं. तेच, वजनदार.

“आमाला पगार नसतो. मानधनच म्हनत्यात त्याला,” सगुणाबाई म्हणाल्या. “सरकारच्या पैशातलंच. म्हंजी माझं बी वाढू नये, असं लिवलंय. आन त्याच्यावर मी सही केली व्हती.”

वर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

“आन तुमचा तो भत्ता?” सगुणाबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “पेढे आणले व्हते तो. मला पण दिला व्हता एक.”

पेन्शनरांना मिळतो तो भत्ता नसून ‘महागाई वाढ’ असते, हा शासकीय भाषेतला फरक सुनीलरावांच्या जिभेवर आला होता. तो त्यांनी गिळला. एकदम त्यांच्या लक्षात आलं की अबरारची चूक झाली नसती, गठ्ठे नीट बांधले गेले असते, तर या बाईची सही आज बरोबर जागी असती. आणि ती बरोबर जागा म्हणजे तिच्याच ताटावर पाय होता. चुकीच्या कागदाखाली गेली म्हणूनच ती थोडी तरी वाचली. पोळ्यांचं पीठ हाताला असताना तिनं विचारलं होतं, वाचून दाखवता का. चौतीस वर्षांत एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सगळ्यांच्या देखत त्या वाक्यावर आडवी रेघ मारली. मसुद्यावर खाडाखोड केलेली त्यांना आयुष्यात खपली नव्हती. मग त्यांनी चारही पानं उलटी ठेवली आणि एक कोरा कागद घेतला.

“सांगा सगुणाबाई, काय लिहू?”

“मला काय लिवता येतं भाऊ?”

“बोला. मी लिहितो.”

सगुणाबाईंनी रांगेकडे बघितलं. बारकूशेठ, प्राचार्य, तृप्तीताई, सगळ्यांकडे. “लिवा,” त्या म्हणाल्या, “पैसा कमी हाय हे आमाला बी दिसतं. पण वाढवायचंच आसंल तर ज्याला सगळ्यात कमी भेटतं त्याचं आधी वाढवा. वरून नको, खालून सुरू करा. तवर बाकीच्यांनी थांबा.”

सुनीलरावांनी लिहिलं. जसंच्या तसं, ‘सबब’ न घालता. ‘पहिली दोन्ही पत्रं रद्द समजावीत’ एवढी एक ओळ मात्र त्यांनी वर स्वतःची घातली, कारण सवय एका दिवसात जात नाही. सगळं मिळून सात ओळींत मावलं. खाली अर्ध्याहून जास्त पान उरलं.

“परिशिष्ट?” अबरारनं दबकत विचारलं. तो रेघा आखलेली पानं घेऊन कोपऱ्यात उभा होता.

“नको. सह्या इथंच, खाली.”

“मग मानधनवाढीत माझा नंबर कितवा लागेल, काका?” तृप्तीताईंनी विचारलं.

“मदतनिसांच्या बराच मागे,” सुनीलराव म्हणाले. “माझ्या थोडा पुढे.”

“चालेल. रांग तरी आहे म्हणायची,” तृप्तीताई म्हणाल्या.

पहिली सही सगुणाबाईंनी केली. अख्खं नाव, प्रत्येक अक्षरावर रेघ. समास मोडून नाव पार कडेपर्यंत गेलं. त्यानंतर मागे मोठा खोळंबा झाला, कारण त्यांच्यानंतर न वाचता सही करायला कोणीच धजावेना. बारकूशेठनी सात ओळी वाचायला चष्मा मागवला. प्राचार्यांनी दोनदा वाचलं आणि श्लोकाचा विषय काढला नाही. बयाबाईंनी सुनेकडून वाचून घेतलं. दाटीवाटीनं केलेल्या सह्यांनी पानाची पुढची बाजू भरली, मागची भरत आली, उन्हं पार्किंगमध्ये शिरली आणि थर्मास रिकामा झाला.

शेवटी सुनीलराव उरले. तळाशी एक ओळ शिल्लक होती. त्यांनी पेन टेकवलं, तेवढ्यात सगुणाबाईंचा हात कागदावर आला.

“भाऊ, आधी वाचा.”

“अहो, मीच तर लिहि...” सुनीलराव म्हणाले आणि थांबले.

सगुणाबाईंनी हात काढला नाही. मग सुनीलरावांनी कागद उलटा केला, चष्मा लावला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.